कंपनी तुमची, मग तुम्ही नोकर कसे?

वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधला कर

गेल्या दोन महिन्यांत आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत : आयआर३५, म्हणजे स्वतःच्या कंपनीतून दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यावर नोकरासारखा कर लावायचा की नाही ते ठरवणारा नियम. लावायचा असेल तर काम ‘इनसाइड’, नसेल तर ‘आउटसाइड’. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत आणि पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत. स्कॉटलंडमध्ये पगारावरच्या आयकराचे टप्पे वेगळे आहेत, तिथल्या वाचकांनी ते ध्यानात घ्यावं.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा चिंचवडचा, सध्या रीडिंगला राहतो. आयएलआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाल्यावर नोकरी सोडून लिमिटेड कंपनी काढली, त्याला नऊ वर्षं झाली. आतापर्यंत चार क्लायंट झाले, सगळी कामं आउटसाइड. आता एका मोठ्या बँकेचं काम मिळालं. एजन्सीवाला फोनवर ‘आउटसाइड आहे’ म्हणाला होता. पण सुरू करायच्या आठवड्यात बँकेचा दोन पानी एसडीएस (इनसाइड की आउटसाइड याचा लेखी निर्णय) आला, त्यात इनसाइड. माझी कंपनी खरी आहे, व्हॅट भरतो, वेबसाइट आहे, विमा आहे. मग मी नोकर कसा? (रीडिंग)

उत्तर : तुमचा संताप मला कळतो. आमच्या घरातही तो होऊन गेलाय, त्याबद्दल पुढे लिहिते. आधी मुद्द्याचं.

तुमची कंपनी खोटी आहे असं कुणीच म्हणत नाही. कायदा मुळात एवढंच विचारतो, की मध्ये ही कंपनी नसती आणि तुम्ही थेट बँकेसाठी हेच काम केलं असतं, तर ती नोकरी ठरली असती की नाही? म्हणजे निकाल त्या एका कामाचा असतो. नऊ वर्षांची कंपनी, व्हॅट नंबर, वेबसाइट यांनी थोडा आधार मिळतो, पण निकाल त्यावर लागत नाही. एकाच वर्षात तुमचं एक काम आउटसाइड आणि दुसरं इनसाइड असू शकतं.

हे नाव कुठून आलं ते सांगते, म्हणजे नियमाचा रोख कळेल. ९ मार्च १९९९ ला, अर्थसंकल्पाच्या दिवशी, तेव्हाच्या इनलँड रेव्हेन्यू या करखात्यानं जी पत्रकं काढली त्यातलं ३५ नंबरचं हे पत्रक. रोख होता तो अशा माणसावर, जो शुक्रवारी नोकरी सोडतो आणि सोमवारी त्याच टेबलावर, तेच काम करायला, स्वतःची कंपनी मध्ये घालून परत येतो. एप्रिल २००० पासून नियम लागू झाला. पुढे सतरा वर्षं इनसाइड की आउटसाइड हे कॉन्ट्रॅक्टर स्वतःच ठरवायचा. एप्रिल २०१७ पासून सरकारी कामांत ते ठरवायचं काम क्लायंटकडे गेलं, आणि ६ एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खाजगी कंपन्यांकडेही. तुमची बँक मोठी, म्हणजे ठरवणार बँक. एजन्सीवाला फोनवर काय म्हणाला याला काडीची किंमत नाही.

ठरवतात कशावरून? १९६८ च्या एका जुन्या खटल्यात, सिमेंट-काँक्रीटच्या ट्रकचा मालकच तो ट्रक चालवत होता, त्याच्या प्रकरणात न्यायमूर्तींनी ज्या कसोट्या लावल्या त्याच आजही लावतात. काम स्वतःच्याच हातानं करायची बांधिलकी आहे का, ते कसं करायचं यावर दुसऱ्याचा ताबा आहे का, आणि बाकीच्या अटी नोकरीशी जुळतात का.

मी हे माझ्याकडे येणाऱ्यांना आचारी आणि स्वयंपाकाच्या मावशी यांवरून समजावते. मुंजीच्या जेवणाचं काम आचाऱ्याला दिलं की तो स्वतःची भांडी आणतो, स्वतःची माणसं आणतो. पुऱ्या कोण लाटतंय हे तुम्ही विचारत नाही. शिरा करपला तर तो स्वतःच्या खर्चानं दुसरा करतो. जेवणं उठली की पैसे घेऊन जातो, उद्या काय करायचं हे तुम्हाला विचारत नाही. स्वयंपाकाच्या मावशींचं तसं नसतं. भाजी कोणती, तिखट किती, किती वाजता यायचं हे घरची बाई सांगते. गॅस आणि कढई घरची. त्यांनी न सांगता भलत्याच कुणाला पाठवलं तर घरातले गोंधळून जातात. आमटी खारट झाली म्हणून त्यांचा पगार कापत नाहीत. आता तुमचा बँकेतला दिवस आठवा आणि स्वतःला विचारा, मी तिथे आचारी आहे की मावशी?

हे मोकळेपणानं विचारायला हवं, कारण कागद बऱ्याचदा फसवतो. गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ माझ्या हॅरोच्या ऑफिसात आले होते. करारातल्या सहाव्या कलमाखाली त्यांनी निळ्या पेनानं दोन रेघा ओढल्या होत्या : ‘कंपनी आपल्या जागी दुसरी पात्र व्यक्ती पाठवू शकेल.’ हे कलम असलं की आपण आउटसाइड, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. तो करार त्यांचा आणि एजन्सीचा होता. मी म्हटलं, एजन्सी आणि क्लायंट यांच्यातला करार मिळतो का बघा. तीन आठवडे मागे लागून तो मिळाला. त्याच्या परिशिष्टात काम करणाऱ्याच्या रकान्यात यांचंच नाव आणि शेजारी लिहिलेलं, की क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय बदल नाही. मग मी त्यांना कॅलेंडर उघडायला सांगितलं. ऑगस्टमधले दहा दिवस ‘अॅन्युअल लीव्ह’, मॅनेजरच्या मंजुरीसह. टीमच्या तक्त्यात त्यांचा फोटो, आणि खाली ‘रिपोर्ट्स टू’ म्हणून मॅनेजरचं नाव. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. माणूस अतिशय सरळ होता. त्यांनी कुठेही खोटं लिहिलं नव्हतं, फक्त आपला दिवस कधी तपासून पाहिला नव्हता.

आणखी एक समज काढून टाका. ‘माझं काम तीन-तीन महिन्यांचं, पुढचं द्यायला ते बांधील नाहीत, म्हणून मी आउटसाइड’ असं बरेच जण लिहितात. फुटबॉलच्या पंचांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की एकाच सामन्यापुरत्या करारातही काम आणि मोबदला यांची परस्पर बांधिलकी असू शकते. त्यामुळे नुसत्या छोट्या मुदतीवर विसंबू नका.

आता तुम्ही काय करायचं ते. एसडीएसमध्ये निर्णयाबरोबर कारणं असावीच लागतात, आणि तो निर्णय वाजवी काळजी घेऊन केलेला असावा लागतो. तुमच्या दोन पानांत कारणं तुमच्या कामाची आहेत, की शंभर जणांना पाठवलेला तोच मजकूर आहे? तोच मजकूर वाटला तर लेखी हरकत घ्या. ती मिळाल्यापासून ४५ दिवसांत बँकेला उत्तर द्यावं लागतं : निर्णय कायम ठेवला तर का, बदलला तर कधीपासून. उत्तर दिलं नाही तर कर कापून भरायची जबाबदारी बँकेवर येते. या निर्णयावर थेट न्यायाधिकरणात अपील करायची सोय नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार, न्यायाधीशही तोच.

हरकतीच्या पत्रात ‘माझी कंपनी नऊ वर्षांची आहे’ असं लिहू नका. घडलेल्या गोष्टी लिहा. कामाचा टप्पा ठरलेला आहे का, चूक झाली तर स्वतःच्या वेळात दुरुस्त करून दिली का, कामाची पद्धत कुणी ठरवली, तुमच्या जागी खरंच कधी कुणी गेलं का. तारखा आणि ईमेल जोडा. एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या करखात्याचं, सेस्ट हे इनसाइड की आउटसाइड ते सांगणारं ऑनलाइन साधनही स्वतः भरून बघा आणि निकालाची प्रत ठेवा. माहिती खरी भरलेली असेल तर एचएमआरसी तो निकाल मान्य करते. पण परस्पर बांधिलकीबद्दल ते जवळजवळ काही विचारत नाही, म्हणून ‘ठरवता येत नाही’ असं उत्तर आलं तर खचून जाऊ नका.

आमच्या घरचं लिहिते म्हटलं होतं. २०२१ च्या मार्चमध्ये माझ्या यजमानांना त्यांच्या क्लायंटकडून ईमेल आला. ते करत होते ते काम चोख आउटसाइड होतं. तीन क्लायंट, स्वतःची यंत्रं, ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला. ईमेलमध्ये चार ओळी होत्या : यापुढे आम्ही कुणाच्याही लिमिटेड कंपनीकडून काम घेणार नाही, पेरोलवर या किंवा थांबा. मी तो संपूर्ण शनिवार पुस्तकं धुंडाळत बसले. शेवटी कळलं ते असं : सर्वांना सरसकट इनसाइड ठरवणं म्हणजे वाजवी काळजी न घेणं, पण ‘कंपन्यांकडून काम घेणारच नाही’ हा व्यापारी निर्णय आहे आणि तो त्यांच्या हातात आहे. यजमानांनी काम सोडलं. अकरा आठवडे घरी होते. म्हणून तुम्हाला सांगते, हरकत घ्यायच्या आधी एजन्सीकडून लेखी खात्री करून घ्या, की बँक कंपन्यांना काम देते की नाही. देत नसेल तर सगळी मेहनत वाया जाईल.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी अम्ब्रेलातून (कंत्राटी माणसांना आपल्या पेरोलवर ठेवणाऱ्या कंपनीतून) काम करते, डे रेट ४५० पौंड. पेस्लिपवर ‘एम्प्लॉयर एनआय’ (मालकानं भरायचा नॅशनल इन्शुरन्स) माझ्याच पैशातून कापलाय! मालकाचा कर नोकरानं भरायचा, ही लूट नाही का? एका मैत्रिणीनं सांगितलेली दुसरी अम्ब्रेला ८५ टक्के हातात देते. जाऊ का तिकडे? (स्लाउ)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : जाऊ नका. मैत्रिणीलाही आजच फोन करा.

आता पेस्लिप. तुम्ही पाच दिवसांची पाठवलीत ती समोर आहे, त्यावरूनच सांगते. एजन्सी अम्ब्रेलाला २,२५० पौंड देते. हा तुमचा पगार नव्हे, अम्ब्रेलाची त्या आठवड्याची मिळकत. त्यातून अम्ब्रेलाची फी २५ पौंड, मालकाचा नॅशनल इन्शुरन्स २७६ आणि अॅप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठीचा मालकाचा कर) १० गेली. उरले १,९३९, हा तुमचा खरा ढोबळ पगार. त्यातून आयकर ५३४, तुमचा स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स ७७. हातात १,३२८. पेन्शन योजनेत तुम्ही सहभागी नाही, म्हणून तिची कपात यात नाही.

मालकाचा हिस्सा तुमच्या पगारातून कापता येत नाही, हे खरंच आहे. पण इथे तो पगारातून नाही, मिळकतीतून गेलाय, पगार त्यानंतर ठरलाय. कायद्यानं बरोबर. त्रास होतो तो एजन्सीच्या बोलण्याचा. ‘४५०’ म्हणताना ती अम्ब्रेलाचा दर सांगते आणि ऐकणारा पगार समजतो. काम घ्यायच्या आधी एजन्सीनं मुख्य माहितीचा कागद द्यायलाच हवा, त्यात नमुन्याचा हिशेब असतो. तो वाचल्याशिवाय सही करू नका.

एक गोष्ट मात्र तपासा. सुट्टीचा पगार दर आठवड्याला मिळतोय की साठवला जातोय? तुमच्या पेस्लिपवर ‘होलिडे अॅक्रूड’ असा आकडा दिसतो आणि तो वाढतोय. म्हणजे तो तुमचा पैसा त्यांच्याकडे जमा आहे. सुट्टी घेऊन किंवा काम संपताना तो मागून घ्या. न मागितल्यामुळे बुडालेले पैसे मी पाहिलेत.

८५ टक्क्यांचं काय? तुमच्या दराला, नियमानं सगळा कर भरून, साधारण ५९ टक्के हातात येतात. मग वरचे २६ कुठून आले? कर भरलेला नाही. अशा ठिकाणी थोडासा पगार पेरोलवर दाखवतात आणि उरलेले पैसे ‘कर्ज’, ‘अॅडव्हान्स’ अशा नावानं दुसऱ्याच खात्यातून येतात. कर्ज सहसा कुणी परत मागत नाही, कर मात्र मागितला जातो. लोन चार्ज नावाच्या कायद्यानं अशी जुनी थकलेली कर्जं ५ एप्रिल २०१९ ला एकदम उत्पन्न धरली, आणि ज्यांनी सल्लागारांवर भरवसा ठेवला होता त्यांच्या दारात अनेक वर्षांची बिलं आली. योजना चालवणारे तोवर कंपन्या बंद करून निघून गेले होते. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यानं मुलांच्या शिक्षणाला ठेवलेलं सगळं त्यात घातलं. बाई बोलत होत्या आणि त्यांचे यजमान माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडत होते, मिटत होते. मला ते आजही दिसतं.

एप्रिल २०२६ पासून अम्ब्रेलानं पेरोलचा कर बुडवला तर एजन्सीलाही जबाबदार धरता येतं असा नियम आहे. त्यानं अशा योजना कमी होतील अशी आशा आहे. पण तेवढ्यावर बेफिकीर राहू नका.

आणि एक हिशेब, जो सगळ्यांच्याच कामाचा आहे. वर्षाला ४४ आठवडे, म्हणजे ९९,००० पौंडांचं काम धरा. अम्ब्रेलातून हातात साधारण ६०,१०० येतात. तेच काम आउटसाइड असेल, कंपनीचा खर्च ३,००० असेल, पगार १२,५७० घेतलात आणि कॉर्पोरेशन टॅक्स भरून उरलेलं सगळं डिव्हिडंड म्हणून काढलंत, तर येतात साधारण ६४,६००. फरक साडेचार हजारांचा. एप्रिल २०२६ पासून डिव्हिडंडचे खालचे दोन दर २-२ टक्क्यांनी वाढले की तो सव्वातीन हजारांवर येतो. कंपनीचा खरा फायदा हवा तेव्हा पैसे काढण्याचा आणि वाईट वर्षासाठी आत ठेवण्याचा. कर वाचवण्याचा फायदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. एवढ्या फरकासाठी खोटंच आउटसाइड राहू नये, आणि भीतीपोटी खरं आउटसाइड काम सोडूही नये.

प्रश्न : माझा क्लायंट बारा माणसांची छोटी कंपनी आहे. छोट्या कंपन्यांना आयआर३५ लागू नाही ना? म्हणजे मी निर्धास्त? शिवाय आता पुण्याच्या एका कंपनीचंही काम मिळतंय, त्यांचं इथे ऑफिसच नाही. (लेस्टर)

उत्तर : नाही, निर्धास्त नाही. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो.

छोट्या क्लायंटला फक्त ठरवण्याच्या कामातून सूट आहे. ते काम २००० सालासारखं परत तुमच्याकडे येतं. इनसाइड असून तुम्ही आउटसाइड धरलंत, तर कर, व्याज आणि दंड तुमच्या कंपनीवर. चार वर्षं मागे जाता येतं, निष्काळजीपणा दिसला तर सहा, मुद्दाम केलं असेल तर वीस. पुण्याच्या कंपनीचंही तसंच. तिचं इथे ऑफिस किंवा कसलंही कायमचं ठिकाण नाही, त्यामुळे तिथेही ठरवणारे तुम्हीच.

छोटी म्हणजे काय? वार्षिक उलाढाल १ कोटी २ लाख पौंड, ताळेबंदातली एकूण मालमत्ता ५१ लाख पौंड, कर्मचारी ५०, या तीन मर्यादांपैकी दोन न ओलांडणारी. ६ एप्रिल २०२५ ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांसाठी पैशांच्या मर्यादा दीड कोटी आणि ७५ लाख झाल्या आहेत. पण आयआर३५ मध्ये क्लायंटचे मागच्या वर्षाचे हिशेब बघतात, त्यामुळे बदलाचा परिणाम उशिरा दिसेल. बारा माणसांची कंपनी मोठ्या समूहाचा भाग असेल तर ती छोटी नाही. लेखी विचारा, तुम्ही विचारलंत की ४५ दिवसांत सांगणं त्यांना बंधनकारक आहे.

मी तुमच्या जागी असते तर प्रत्येक कामाची एक फाइल केली असती. काम सुरू होताना करारावर स्वतःचं मत, कारणांसह, तारीख घालून. मग दर तीन महिन्यांनी दहा ओळी : काय केलं, कुणी सांगितलं, काय नाकारलं. चौकशी लागते ती चार-पाच वर्षांनी, तेव्हा मॅनेजर बदललेला असतो आणि आपल्यालाच आठवत नाही. आणि इनसाइड निघालंच, तर छोट्या क्लायंटच्या कामात त्या मिळकतीच्या ५ टक्के खर्चाची वजावट अजून मिळते. ती मोठ्या क्लायंटच्या कामात नाही.

प्रश्न : कोथरूडच्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी कंपनीच्या खात्यातून ३८,००० पौंड पाठवले. माझ्याच कंपनीचे पैसे आहेत, चूक काय? कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. (मिल्टन कीन्स)

उत्तर : कंपनीचे पैसे तुमचे नाहीत. तुम्ही एकटेच मालक, एकटेच संचालक असलात तरी नाहीत. आयआर३५ वरून एचएमआरसीशी भांडताना आपण म्हणतो, ‘कंपनी वेगळी, मी वेगळा’. मग इथेही तेच मान्य करावं लागतं.

ते ३८,००० तुम्ही पगार म्हणून घेतले नाहीत, डिव्हिडंड जाहीर केला नाही, म्हणजे ते कंपनीनं संचालकाला दिलेलं कर्ज. वर्ष संपल्यावर नऊ महिने आणि एक दिवसाच्या आत, म्हणजे १ जानेवारीच्या आत परत आले नाहीत तर कंपनीला ३३.७५ टक्के कर, तुमच्या बाबतीत १२,८२५ पौंड. कर्ज फिटलं की तो परत मिळतो, पण तोही उशिरानं. शिवाय बिनव्याजी कर्ज १०,००० च्या वर गेलं की तो तुम्हाला मिळालेला लाभ धरतात. वर्षभर सगळी रक्कम बाकी असेल तर ३.७५ टक्के दरानं १,४२५ पौंड, त्यावर तुम्हाला आयकर आणि कंपनीला नॅशनल इन्शुरन्स.

डिसेंबरात भरून जानेवारीत परत काढायचे, असं कुणी सुचवलं असेल तर ऐकू नका. ५,००० किंवा जास्त रक्कम भरून तीस दिवसांत परत उचलली तर भरलीच नाही असं धरतात. कंपनीत नफा शिल्लक असेल तर रीतसर डिव्हिडंड जाहीर करा, ठरावाचा कागद करा, त्यावरचा कर बाजूला काढा आणि त्यातून कर्ज फेडा. मागची तारीख घालून ठराव करायचा नाही. बिल्डर हप्त्यासाठी थांबत नाही हे मला माहीत आहे, पण पुढचा हप्ता पाठवण्याआधी एक फोन करा.

प्रश्न : पत्नीला कंपनीत निम्मे शेअर दिले तर चालतं का? (हाउन्सलो)

उत्तर : साधे, मतदानाचा आणि भांडवलाचा हक्क असलेले शेअर असतील आणि ते खरोखर तिला दिलेले असतील, तर चालतं. आर्क्टिक सिस्टिम्स या एका नवरा-बायकोच्या कंपनीच्या खटल्यात २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं जोडप्याच्या बाजूनं निकाल दिला. डिव्हिडंड तिच्या खात्यात जायला हवा आणि तिच्याकडेच राहायला हवा. काम इनसाइड असेल तर मात्र पैसे आधीच पगारासारखा कर कापून येतात, मग वाटायला फारसं उरत नाही.

प्रश्न : मी मिरजेला राहते. मुलगा लंडनला आहे. तो म्हणतो माझी स्वतःची कंपनी आहे, पण रोज एका ऑफिसात जातो. त्याच्यासाठी स्थळं बघतोय. लोक विचारतात नोकरी की धंदा, तर काय सांगायचं? आणि मध्येच म्हणाला की या कामात मी ‘इनसाइड’ आहे. काही भानगड तर नाही ना? (मिरज)

उत्तर : काकू, काही भानगड नाही. काळजी करू नका.

तो त्याच्या कंपनीचा संचालक आहे, ही खरी गोष्ट. पण सध्याचं काम असं आहे की सरकार त्यापुरतं त्याला नोकरासारखं धरून कर घेतं. त्याला ‘इनसाइड’ म्हणतात. पुढचं काम वेगळं असू शकतं. गंमत म्हणा किंवा अन्याय म्हणा, कर नोकरासारखा कापला जातो, पण नोकराचे हक्क त्यानं मिळत नाहीत. कंपनीच्या कामात भरपगारी सुट्टी नाही, आजारपणाची रजा क्लायंट देत नाही, आणि एका आठवड्याच्या सूचनेवर काम थांबवता येतं. २०२२ च्या सप्टेंबरात हा नियम सैल करू असं सरकारनं जाहीर केलं होतं. इथली आपली मुलं आनंदानं फोन करत होती. १७ ऑक्टोबरला ते मागे घेतलं, दिवाळीच्या आधीच्या सोमवारी. तेव्हापासून जुनाच नियम चालू आहे.

स्थळाकडच्यांना सांगा, ‘स्वतंत्रपणे काम करतो, कंत्राटी पद्धतीनं, स्वतःच्या कंपनीतून’. हे खरं आहे आणि सांगायला चांगलं आहे. मुलीकडचे पगार विचारतील, तेव्हा दिवसाचा दर सांगू नका, तो ऐकायला मोठा वाटतो. वर्षाला कर जाऊन हातात काय येतं ते त्याच्याकडून लिहून घ्या. आणि आई म्हणून त्याला एक विचारा : सहा महिने काम मिळालं नाही तर घरभाडं कुठून देशील? त्याच्याकडे उत्तर तयार असेल. नसेल तर हे सदर त्याला पाठवा, आणि सोबत त्याचा करार घेऊन मला भेटायला सांगा. शनिवारी सकाळी मी ऑफिसात असते.